ब्रुअरी टूरला जाताय? टाकीपाशी जे दिसतं ते ग्लासात कसं शोधायचं

क्राफ्ट ब्रुअरीत, म्हणजे छोट्या प्रमाणात बीअर बनवणाऱ्या कारखान्यात, टूरला गेलेली बरीच मंडळी चकचकीत टाक्यांसमोर फोटो काढतात, गाईड काय सांगतोय ते अर्धं ऐकतात, आणि मग टॅपरूममध्ये (ब्रुअरीच्याच बारमध्ये) बसून नेहमीचीच बीअर मागवतात. म्हणजे टूर वेगळी राहते आणि टेस्टिंग वेगळं राहतं. माझं म्हणणं एवढंच की हे दोन्ही मिळून एकच काम आहे, आत जे डोळ्यांनी, नाकाने आणि हाताने कळतं तेच नंतर ग्लासात शोधायचं असतं, आणि एकदा ते जमायला लागलं की कुठलीही बीअर समोर आली तरी ती कशी बनली असेल याचा अंदाज तुम्ही स्वतः बांधायला लागता. ते कसं करायचं ते खाली सविस्तर लिहितेय, आणि जे पीत नाहीत त्यांनीही वाचा कारण टूरचा मोठा भाग दारूचा थेंब न घेता होतो.

बुकिंग करताना काय विचारायचं

वेबसाइटवर स्लॉट दिसला की लगेच क्लिक करू नका, आधी फोन करा किंवा मेसेज टाका आणि एकच प्रश्न विचारा, ब्रू डे कोणत्या दिवशी असतो? शहरातल्या छोट्या ब्रुअऱ्या रोज बीअर बनवत नाहीत, आठवड्यातले काही दिवस बनवतात, बाकीचे दिवस साफसफाई, पॅकिंग आणि वाट बघणं चालू असतं. एक बॅच काढायला साधारण सहा ते आठ तास लागतात आणि काम बहुतेक वेळा सकाळी सुरू होतं, त्यामुळे ब्रू डेच्या सकाळचा स्लॉट मिळाला तर मॅशचा (गरम पाण्यात भिजलेल्या दळलेल्या धान्याचा) वास, उकळणाऱ्या वर्टची (त्यातून गाळलेल्या गोड पाकाची) वाफ, हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) टाकण्याची गडबड हे सगळं प्रत्यक्ष बघायला मिळतं. वीकेंडला गर्दी जास्त असते आणि टाक्या शांत असतात, तेव्हा गाईड बोलतो आणि तुम्ही फक्त स्टील बघता. शक्य असेल तर मधल्या वारी जा.

दुसरं म्हणजे टूर कोण देणार आहे ते विचारा. स्वतः ब्रुअर (बीअर बनवणारा) किंवा सेलरमध्ये, म्हणजे टाक्यांच्या भागात, काम करणारं कुणी असेल तर थोडा उलटसुलट वेळ चालवून घ्या पण तीच टूर घ्या, कारण पाठ केलेलं भाषण आणि ज्याने काल रात्री टाकीचं टेंपरेचर तपासलंय त्याचं बोलणं यात फार फरक असतो. ग्रुप किती जणांचा आहे तेही विचारून घ्या, आत पंप आणि कूलिंगचा आवाज असतो, दहाबारा जणांच्या वर ग्रुप गेला की मागच्यांना काही ऐकू येत नाही. टेस्टिंग तिकिटात धरलंय का, किती ग्लास आणि किती मिलीचे, जिने आहेत का, व्हीलचेअर जाते का, लहान मुलांना प्रॉडक्शनच्या भागात सोडतात का, हे पण आधीच कळलेलं बरं. दारू पिण्याचं कायदेशीर वय प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि नुसत्या टूरसाठीचा नियमही कधीकधी वेगळा असतो, तेव्हा वयाचा पुरावा सगळ्यांनी जवळ ठेवा.

जायच्या दिवशीची तयारी

बूट बंद घाला, सँडल आणि चपला नकोत. ब्रुअरीची जमीन कायम ओली असते आणि ते नुसतं पाणी नसतं, टाक्या धुवायला गरम कॉस्टिक (कातडी भाजणारा क्षार) आणि ॲसिड वापरतात. लांब केस बांधा, लोंबणारी ओढणी किंवा स्कार्फ आत नको. आणि परफ्यूम, आफ्टरशेव्ह, वासाचं हँडक्रीम त्या दिवशी अजिबात लावू नका, तुमचं तर नाक बंद होतंच पण शेजारच्याचंही होतं. टेस्टिंगच्या तासभर आधी कॉफी, सिगारेट, पुदिन्याचं च्युइंगम टाळा. पोटात काहीतरी असू द्या, रिकाम्या पोटी गेलात तर दुसऱ्या ग्लासनंतर चव कळत नाही, फक्त दारू चढते.

घरी परत कसं यायचं हे निघायच्या आधी ठरवा, तिथे बसल्यावर नाही. याचा हिशोब पुढे दिलाय.

माल्टपासून सुरुवात

बहुतेक टूर माल्टच्या पोत्यांपाशी सुरू होते आणि लोक इथे सगळ्यात कमी लक्ष देतात, खरं तर टेस्टिंगची अर्धी तयारी इथेच होते. बार्ली भिजवून तिला मोड आणतात, मोड आले की गरम हवेने वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि पुढे तेच पिष्टाची साखर करतात. किती गरम हवेत आणि किती वेळ वाळवलं किंवा भाजलं यावर रंग आणि चव ठरते.

गाईडला सांगून तीनचार प्रकारचे दाणे हातावर घ्या आणि एकेक करून चावा. फिकट पेल माल्ट ब्रेडच्या कडेसारखा लागतो, कॅरॅमल माल्ट गोडसर आणि चिकट, चॉकलेट माल्ट आणि ब्लॅक माल्ट कडक भाजलेल्या कॉफीकडे जातो. हे चावताना चव लक्षात ठेवा, जमलं तर फोनमध्ये दोन शब्द टाइप करा, कारण तासाभराने स्टाउट (काळ्या रंगाची, भाजक्या चवीची बीअर) समोर आला की हाच दाणा तुम्हाला त्यात शोधायचाय. काळा रंग बहुतेक अशा भाजलेल्या दाण्यांमुळेच येतो आणि तोही थोड्याशा प्रमाणात टाकून. १८१७ साली डॅनियल व्हीलरने इंग्लंडमध्ये माल्ट भाजायच्या फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं, त्यानंतर ब्रुअरांना मुख्य माल्ट फिकटच ठेवून थोड्या काळ्या माल्टने पोर्टर या गडद बीअरचा रंग आणता यायला लागला. त्यामुळे काळी बीअर म्हणजे जड किंवा जास्त दारूची हा समज सोडून द्या, गिनेस ड्राफ्ट या आयर्लंडच्या प्रसिद्ध काळ्या बीअरमध्ये अल्कोहोल साधारण ४.२ टक्के असतं, म्हणजे बऱ्याच सोनेरी लागरपेक्षा कमी.

मॅश, वर्ट आणि उकळी

दळलेला माल्ट गरम पाण्यात मिसळला की जे होतं त्याला मॅश म्हणतात, दिसायला घट्ट लापशीसारखा. इथे एकच प्रश्न विचारा, आज मॅशचं टेंपरेचर किती ठेवलंय? हा प्रश्न विचारला की ब्रुअरचा चेहरा बदलतो आणि मग तो तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलायला लागतो. कारण ६२-६४ डिग्री सेल्सिअसला मॅश ठेवला तर यीस्टला पूर्ण खाता येईल अशी साखर जास्त तयार होते आणि बीअर कोरडी, हलकी होते, आणि ६८-७० डिग्रीला ठेवला तर न आंबणारी साखर जास्त उरते आणि बीअर तोंडात भरल्यासारखी, थोडी गोडसर लागते. चारपाच डिग्रीच्या फरकाने हा बदल होतो. टेस्टिंगला बसल्यावर दोन बीअर शेजारी ठेवून कुठली कोरडी आणि कुठली भरलेली हे बघायचं, आणि मग विचारायचं की यांचं मॅश टेंपरेचर वेगळं होतं का.

मॅश गाळून जो गोड पाक मिळतो तो वर्ट. मिळत असेल तर वर्टचा एक घोट नक्की मागा, त्यात दारू नसते, न पिणाऱ्यांना आणि गाडी चालवणाऱ्यांनाही घेता येतो. तो भयंकर गोड असतो, आणि तो तसा असतो हे तोंडाला कळलं की यीस्ट किती काम करतं ते आपोआप समजतं. गाळून उरलेला चोथा बहुतेक ठिकाणी जनावरांच्या खाद्याला जातो.

मग वर्ट साधारण तास ते दीड तास उकळतात. उकळीत तीन गोष्टी होतात, जंतू मरतात, नको असलेले वास वाफेबरोबर उडून जातात आणि हॉप्सचा कडवटपणा उतरतो. हॉप्समधली अल्फा ॲसिड उकळीत बराच वेळ राहिली की त्यांचं रूप बदलतं आणि ती पाण्यात विरघळायला लागतात, तोच कडवटपणा. पण सुगंधाची तेलं मात्र उकळीत उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स सुरुवातीला टाकतात, वासासाठी शेवटच्या काही मिनिटांत किंवा गॅस बंद केल्यावर, आणि खूप वास हवा असेल तर बीअर आंबून झाल्यावर थंड टाकीत, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. एखादी बीअर फळांच्या वासाने घमघमते आणि तरी फार कडू लागत नाही याचं कारण हे.

हॉप्सच्या गोळ्या हातात देतील तेव्हा दोन्ही तळव्यांत जोरात चोळा, तळवे ओंजळीसारखे नाकाशी धरा आणि वास घ्या. कॅस्केड जातीचे हॉप्स असतील तर ग्रेपफ्रूटची साल, साझ जातीचे असतील तर मसालेदार, गवताकडे झुकणारा वास येईल. चावू मात्र नका. लोक हौसेने चावतात आणि तो कडूपणा जिभेवर इतका वेळ बसतो की पुढचं टेस्टिंग वाया जातं. आणि हो, टॅपरूममध्ये कुत्रे आणायला परवानगी असेल आणि तुमचा सोबत असेल तर त्याला हॉप्सजवळ जाऊ देऊ नका, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात.

पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, तुम्ही विचारा. बीअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. चेक प्रदेशातल्या प्लझेनचं पाणी अतिशय मऊ, तिथेच १८४२ साली पहिला सोनेरी पिल्सनर (फिकट लागरचा प्रकार) बनला. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्समचं प्रमाण भरपूर, त्यामुळे तिथल्या पेल एलचा कडवटपणा धारदार आणि कोरडा. आता ब्रुअर पाणी फिल्टर करून त्यात हवे ते क्षार मोजून घालतात, म्हणजे एकाच शहरात बसून दोन्ही प्रकार बनवता येतात. तुमच्या समोरच्या आयपीएसाठी (भरपूर हॉप्स घातलेली पेल एल) पाण्यात काय घातलंय हे विचारलं तर अर्धा तास गप्पा होतील.

फर्मेंटरपाशी थांबा

मला विचाराल तर सगळ्या टूरमधली सगळ्यात जिवंत जागा ही. निमुळत्या बुडाच्या उंच टाक्या, बाहेरून ग्लायकॉल नावाचं थंड द्रव फिरतंय, आणि टाकीतून एक पाइप खाली बादलीत सोडलेला असतो ज्यातून बुडबुडे येत असतात. तो कार्बन डायऑक्साइड आहे, आत यीस्ट साखर खातंय आणि अल्कोहोल आणि गॅस बनवतंय. बुडबुडे भराभर येत असतील तर टाकी दोनतीन दिवसांची असेल, हळूहळू येत असतील तर काम संपत आलंय. टाकीवर लावलेली पाटी किंवा खडूने लिहिलेले आकडे वाचा, बॅच नंबर, तारीख, ग्रॅव्हिटी, टेंपरेचर, सगळं तिथे असतं.

ग्रॅव्हिटीचा हिशोब शिकून घ्या, सोपा आहे. वर्टमध्ये साखर असल्याने तो पाण्यापेक्षा जड असतो, पाण्याच्या किती पट जड तो आकडा म्हणजे ग्रॅव्हिटी, समजा सुरुवातीला १.०५० आला आणि शेवटी १.०१० झाला, तर दोन्हीतला फरक ०.०४० ला १३१.२५ ने गुणायचं, ५.२५ येतं, म्हणजे बीअर साधारण सव्वापाच टक्क्यांची. पाटीवरचे आकडे बघून स्वतः टक्के काढायचे आणि मग टॅपरूमच्या मेनूवर बरोबर आलं का बघायचं.

एल आणि लागर हा फरकही इथेच कळतो. एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ डिग्रीला काम करतं आणि दोनतीन आठवड्यांत बीअर ग्लासात येऊ शकते, लागरचं यीस्ट ८ ते १३ डिग्रीला संथ काम करतं आणि नंतर ती बीअर शून्याच्या जवळ आठवडेच्या आठवडे ठेवावी लागते. छोट्या ब्रुअरीत टाक्या मोजक्या असतात, लागरने एक टाकी इतके दिवस अडवली की तेवढ्या वेळात एलच्या दोन बॅच निघाल्या असत्या. म्हणून एखाद्या छोट्या जागी मन लावून बनवलेला लागर मेनूवर दिसला तर तो जरूर घ्या, त्यामागे त्यांनी खूप वाट बघितलेली असते.

यीस्टची शुद्ध जात वेगळी काढायचं काम १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सनने केलं, त्याआधी एक बॅच चांगली आणि पुढची आंबट असं सर्रास व्हायचं. त्याच प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेन्सनने पीएच स्केल मांडला, शाळेत आपण जो शिकतो तोच. आणि आकडेवारीतली टी-टेस्ट गिनेसमध्ये नोकरी करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली टोपणनावाने छापली. टूरमध्ये कोपऱ्यातली छोटी लॅब दाखवायची राहून जाते, तुम्ही मागून बघा, मायक्रोस्कोपखाली यीस्ट दाखवतात का विचारा.

सेफ्टीचं एक सांगते आणि ते मनावर घ्या. उघड्या फर्मेंटरवर किंवा नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीच्या दारात डोकं घालून वास घेऊ नका, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि दिसत नाही. कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, काही टाक्यांमध्ये प्रेशर असतं, काही पाइपांत उकळतं पाणी. फोटो काढायच्या आधी विचारा, एवढं पाळलं की लोक आपणहून जास्त दाखवतात.

आता टेस्टिंग

बहुतेक ठिकाणी फ्लाइट मिळते, म्हणजे १०० ते १५० मिलीचे चार ते सहा छोटे ग्लास एका फळीवर. पूर्ण मोठा ग्लास मागवू नका, फ्लाइटच घ्या, आणि दोघं असाल तर एकच फ्लाइट वाटून घ्या, चव घ्यायला ५०-६० मिली भरपूर होतं.

क्रम महत्त्वाचा आहे. फिकट, हलकी, कमी कडू आधी, मग माल्टी, मग कडू, आणि भाजलेली, गोड किंवा जास्त टक्क्यांची शेवटी. आयपीए पहिली घेतली तर त्यानंतरचा पिल्सनर पाण्यासारखा लागेल आणि दोष पिल्सनरचा नसेल. आणि पहिला ग्लास त्या ब्रुअरीच्या सगळ्यात साध्या बीअरचा घ्या, पिल्सनर, ब्लाँड, क्योल्श अशा फिकट प्रकारांतलं जे काही असेल ते. फळं, कॉफी, व्हॅनिला घातलेल्या बीअरमध्ये चुका झाकल्या जातात, साध्या बीअरमध्ये झाकायला काही नसतं, ब्रुअरचा हात तिथेच कळतो. माझ्यासाठी ती बीअर कशी आहे यावर त्या जागेबद्दलचं निम्मं मत बनतं.

प्रत्येक ग्लासला साधारण असं करा. आधी बघा, रंग, पारदर्शकपणा, फेस. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, तेलकटपणा किंवा साबण राहिलाय, तसं सांगून दुसरा ग्लास मागायला काहीच हरकत नाही. गढूळपणा हा दरवेळी दोष नसतो, गव्हाची बीअर आणि हेझी आयपीए गढूळच असतात, पिल्सनर गढूळ असेल तर मात्र विचारा. मग ग्लास हलकेच फिरवा आणि लगेच वास घ्या, दोनतीन छोटे श्वास, एक लांब नको, कारण नाक त्या वासाला लवकर सरावतं. मग घोट घ्या, तोंडभर फिरू द्या, गिळा आणि गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकातून श्वास सोडा. ही शेवटची पायरी लोक सोडतात आणि खरी चव तिथेच येते, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात जाणाऱ्या वासातून कळतं.

बीअर खूप थंड आली तर दोन्ही हातांत ग्लास धरून थोडी गरम होऊ द्या. लागर ४ ते ७ डिग्रीला ठीक, एल ८ ते १२ ला खुलतात, जड स्टाउट त्याहून थोडा कमी थंड असला तरी चालतो. एकच स्टाउट आल्याआल्या एक घोट आणि वीस मिनिटांनी एक घोट असा घेऊन बघा, सुरुवातीला नुसता कडू आणि थंड लागतो, नंतर चॉकलेट आणि सुक्या फळांचे वास वर येतात. आणि इथेच सकाळी चावलेला तो काळा दाणा आठवा.

मेनूवर आयबीयू लिहिलेलं असतं, तो कडवटपणाचा आकडा. हलक्या लागरला दहाच्या आसपास, आयपीएला ४० ते ७०. पण आकड्यावर फार जाऊ नका, गोडवा जास्त असेल तर पन्नास आयबीयूची बीअरही गुळगुळीत लागते. नायट्रो लिहिलं असेल तर ती कार्बन डायऑक्साइडबरोबर बराचसा नायट्रोजन मिसळून ओततात, नायट्रोजन बीअरमध्ये कमी विरघळतो आणि बुडबुडे बारीक राहतात, म्हणून फेस मऊ साईचा. गिनेसने ही पद्धत १९५९ साली आणली. एकच बीअर साध्या टॅपवर आणि नायट्रोवर असेल तर दोन्ही मागा, गॅस बदलल्याने चव किती बदलते ते बघण्यासारखं आहे.

जेव्हा काहीतरी चुकलेलं लागतं

चुकीचे वास ओळखता आले की टूरमधली माहिती खरोखर कामाला येते. लोण्यासारखा किंवा बटर पॉपकॉर्नसारखा वास आला तर ते डायअॅसिटिल नावाचं रसायन, यीस्टला शेवटी साफसफाई करायला एकदोन दिवस जास्त दिले नाहीत किंवा टॅपच्या नळ्या घाण आहेत. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळी जोरदार नव्हती. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बहुधा बीअर कच्ची असताना काढली. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे ऑक्सिजन लागला किंवा बीअर जुनी झाली. आणि स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा जो उग्र वास येतो तो उजेडामुळे, हॉप्समधल्या कडू पदार्थांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, तपकिरी बाटली हे बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक नाही. उन्हात टेबल मिळालं असेल तर हॉप्सवाल्या बीअरचा ग्लास सावलीत सरकवा, थोड्या वेळात फरक पडतो.

पण गव्हाच्या जर्मन बीअरमध्ये केळं आणि लवंगेचा वास आला तर तो दोष नाही, ते त्या यीस्टचंच काम आहे आणि ब्रुअरला तोच हवा असतो. म्हणून आधी स्टाइल काय आहे ते विचारा, मग मत द्या. आणि दोष वाटलाच तर बारच्या पलीकडून मोठ्याने नको, ब्रुअरला किंवा सर्व्ह करणाऱ्याला बाजूला शांतपणे सांगा की मला यात लोण्याचा वास येतोय, तुम्हालाही येतोय का? चांगला ब्रुअर लगेच ग्लास नाकाशी धरतो.

किती, कोणी आणि काय जपून

आता तो हिशोब. १५० मिलीचा ५ टक्क्यांचा ग्लास म्हणजे साधारण ६ ग्रॅम अल्कोहोल. अशा चार ग्लासांची फ्लाइट म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास. शरीर तासाला अंदाजे ८ ग्रॅम काढून टाकतं, माणसागणिक कमीजास्त, म्हणजे एका फ्लाइटला जवळजवळ तीन तास. त्यात एखादा ग्लास दहा टक्क्यांच्या इम्पीरियल स्टाउटचा असेल तर तो एकटाच दोन ग्लासांएवढा. छोटे ग्लास बघून कमी प्यायलोय असं वाटतं आणि तिथेच गडबड होते. म्हणून गाडी चालवणाऱ्याने घ्यायचीच नाही, कॉफी पिऊन किंवा जेवून हे आकडे कमी होत नाहीत. प्रत्येक ग्लासनंतर तेवढंच पाणी प्या, त्याने जीभही साफ होते, सोबत साधा ब्रेड किंवा बिनमसाल्याची बिस्किटं असतील तर उत्तम. सगळं संपवायची सक्ती नसते, उरलेली ओतून टाकायला भांडं मागा, ब्रुअर लोक स्वतःही तेच करतात.

गरोदर असाल किंवा दारूबरोबर न चालणारी औषधं चालू असतील तर घेऊ नका, टूर मात्र जरूर करा, माल्ट चावा, हॉप्स चोळा, बिनअल्कोहोलची बीअर असेल तर ती याच पद्धतीने चाखा. सीलिएक (ग्लूटेन न चालण्याचा आजार) असेल तर बार्ली आणि गव्हाची बीअर चालत नाही. दुधाचा त्रास असेल तर मिल्क स्टाउट टाळा, त्यात लॅक्टोज घातलेलं असतं. आणि शुद्ध शाकाहारी असाल तर विचारून घ्या, काही पारंपरिक एल नितळ करण्यासाठी माशाच्या शरीरातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला आयसिंग्लास वापरतात, बऱ्याच ब्रुअऱ्या आता वापरत नाहीत पण मेनूवर ते लिहिलेलं नसतं.

घरी न्यायची असेल तर

सगळं चाखून झाल्यावरच ठरवा काय न्यायचं. टॅपवरून भरून दिलेला ग्राउलर (घट्ट झाकणाची मोठी बाटली) मिळत असेल तर तो त्याच दिवशी थंडीत ठेवा, उभा ठेवा, आणि न उघडलेला असला तरी दोनतीन दिवसांच्या आत प्या, उघडला की त्याच दिवशी संपवा, कारण भरताना हवा लागलेली असते आणि गॅस निघून जातो. कॅन घेताना खाली छापलेली तारीख बघा, एक्स्पायरी नाही, भरल्याची तारीख. हॉप्सवाल्या बीअरला महिना झाला की वास उतरायला लागतो, त्यामुळे आयपीए जितकी ताजी तितकी चांगली आणि ती कायम फ्रिजमध्येच. गाडीच्या डिकीत दुपारभर कॅन ठेवले तर उष्णतेने तीच पुठ्ठ्याची चव लवकर येते, म्हणून बरोबर थंड पिशवी न्या किंवा खरेदी अगदी निघताना करा. नऊदहा टक्क्यांचा स्टाउट किंवा बार्लीवाइन (खूप कडक एल) असेल तर गोष्ट उलटी, तो अंधाऱ्या, थंड जागी वर्षभर राहिला तरी चालतो, दोन घ्या, एक आत्ता उघडा आणि दुसऱ्यावर तारीख लिहून ठेवा.